दुसऱ्याच्या पिकासाठीं केलेला वाफा

ज्या श्रमाचें फळ आपणांस स्वतः मिळेल अशी खात्री नाहीं, ते श्रम मनापासून करण्यास मनुष्य बांधलेला आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें कोणी समजूं नये. एका वर्षाच्या खंडानें शेत घेणारा कुणबी तो दर सालीं आपल्या मनाशीं विचारतो. शेणखताच्या दहा गाड्या या रानांत टाकाव्या, तर त्यांचा खरा कस पुढल्या सालीं दिसावयाचा. आणि पुढल्या सालीं रान कोणाकडे जाईल हें कोणास ठाऊक? ज्याची बदली व्हावयाची आहे तो उपदेशकही हाच प्रश्न विचारतो. खेड्यांतील पांचचार मुलांस अक्षरओळख करून देण्यांत त्याचीं दोन वर्षें जातात, आणि तीं मुलें शास्त्र वाचूं लागलीं म्हणजे त्यास दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड हलवावें लागतें. म्हातारी सासू अंगणांत आंब्याची कोय पुरते आणि सून तोंडास पदर लावून हंसते. तेंही याच प्रश्नाचें एक रूप होय.

याचें उत्तर आमच्यांत बहुधा फार लवकर दिलें जातें. होय, बांधलेला आहे, फळ स्वर्गांत मिळेल, असें म्हणून उपदेश आटोपतो. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें ज्याच्या तोंडून निघतें तो पुष्कळ वेळां दुसऱ्याच्या श्रमाचें पीक खाणाराच असतो, यामुळें ऐकणाऱ्याच्या मनांत तें रुजत नाहीं. म्हणून हा विषय आम्हीं एका परदेशी भाजीच्या द्वारें मांडावयाचें योजिलें आहे. ती भाजी आमच्या खेड्यांत कोणी लावीत नाहीं व तिच्यावांचून कोणाचें अडतही नाहीं. तथापि तिचा वाफा तयार करणें हें काम असें आहे कीं, त्यांत आमचा प्रश्न चहूंकडून उघडा पडतो.

तिला अ‍ॅस्परॅगस म्हणतात. आमच्या डोंगरांतील कांटेरी शतावरी, जिचीं मुळें वैद्य औषधासाठीं खणून नेतात, ती तिची सख्खी बहीण म्हणावी. शतावरीचें मूळ कामास येतें, या विलायती बहिणीचा कोंब. युरोपांत समुद्रकांठच्या वाळवट जमिनींत ती रानटी उगवते. प्राचीन रोमी लोक ती बागेंत लावीत असत. फ्रान्स देशांत पॅरिस शहराजवळचें आर्जांतोय गांव आणि इंग्लंडांत ईव्हशॅमचें खोरें हीं या भाजीसाठीं नांवाजलेलीं आहेत. हिंवाळ्यांत तिचा वरचा पाला पिंवळा पडून वाळतो आणि जमिनींतील गड्डा निजून राहतो. वसंतांत माती ऊन झाली म्हणजे त्या गड्ड्यांतून बोटाएवढे जाड कोंब वर येतात, व ते वीतभर झाले कीं, पाला फुटण्यापूर्वींच, मातीशीं कापून घेतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आंबा उतरून खाल्ला तर झाडाच्या जिवास कांहीं ढका बसत नाहीं. फळ गळावयाचेंच होतें. हा कोंब तसा नव्हे. तोच पुढें वाढून पालेदार झाड व्हावयाचा असतो, आणि त्या पाल्यानें उन्हाळाभर ऊन खाऊन गड्ड्यांत पुढल्या सालची शिदोरी भरून ठेवावयाची असते. म्हणजे दर कोंब कापतांना माळी झाडाच्या भांडवलांतून घेत असतो. व्याज किती आणि मुद्दल किती हें ज्यास कळत नाहीं त्यानें हातांत सुरी घेऊं नये.

आतां वाफ्याकडे वळूं. इंग्लंडांतील चांगला माळी लागवडीच्या एक वर्ष आधीं जागा पाहून ठेवितो. तेथें दिवसभर ऊन असावें व पावसाचें पाणी सांचूं नये, कारण पाणी सांचलें कीं मुळें कुजतात. माती आंबट असली तर तो तींत चुना मिसळितो. परंतु त्याचे खरे श्रम तणांच्या पाठीं खर्च होतात. आमच्याकडे जशी हरळी व कुंदा, तसें त्यांच्याकडे जमिनीखालून धांवणारें एक गवत आहे. शेतकऱ्यास सांगावयास नको कीं, अशा गवताचा कुळवाच्या फाशीनें तुटलेला प्रत्येक कांडा पुन्हां फुटतो. यास्तव माळी फावड्यानें तें तोडीत नाहीं. दांताळ्या कुदळीनें माती सैल करून तो तें दोरा ओढल्याप्रमाणें ओढून काढतो, महिनाभर थांबतो, आणि उरलेला तुकडा फुटून दिसला कीं पुन्हां खणतो. शेजारच्या कोबीच्या वाफ्यांत तो इतका खोल जात नाहीं. कोबीचें तण पुढल्या वर्षीं काढतां येईल. येथें तसें नाहीं. एकदां गड्डे बसले म्हणजे त्यांचीं मुळें सगळ्या वाफ्यांत पसरतात, आणि पुढें पंधरा किंवा वीस वर्षें त्या जमिनींत खोल अवजार घालतां येत नाहीं. आज राहिलेला हरळीचा कांडा वीस वर्षें त्यांच्या मुळांत मूळ घालून बसेल.

जीं कामें उद्यां सुधारतां येतात त्यांत थोडी ढिलाई झाली तर चालतें. जीं पुढें उकरतां येणार नाहींत त्यांत ढिलाई करणें हा अपराध आहे, कारण ती ढिलाई दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. बाप्तिस्म्यापूर्वींच्या शिक्षणाविषयीं आमचें हेंच मत आहे. संख्या वाढावी म्हणून घाईनें नांवें नोंदावीं आणि सावकाराच्या देण्याचा, दारूचा, भावकीच्या वैराचा विषय तसाच ठेवावा, तर तो पुढील पाळकाच्या वाट्यास येतो, आणि त्या वेळीं तो उपटूं गेलें असतां आजूबाजूचीं चांगलीं मुळेंही उपटतात.

लागवडीस एक वर्षाचा गड्डा घेतात. कांहीं लोक दोन-तीन वर्षांचा मोठा गड्डा मोल देऊन आणतात, कीं वाट पाहणें कमी व्हावें. परंतु मोठ्या गड्ड्याचीं मुळें उपटतांना अधिक तुटतात आणि तो अंग धरण्यांत तें कमावलेलें वर्ष गमावून बसतो. वाफ्यांत सुमारें एक फूट रुंदीचा चर खणतात. तळाशीं कुजलेलें खत घालून मधोमध मातीचा लहानसा वरंबा करितात, आणि त्यावर गड्डा असा बसवितात कीं त्याचीं लांब मुळें घोडेस्वाराच्या पायांप्रमाणें दोहों अंगांस उतरावीं. दोन गड्ड्यांत दीड फूट आणि दोन ओळींत चारपांच फूट अंतर असतें. वर केवळ दोनतीन इंच माती पडते. कोंब जसजसे वर येतात तसतशी उन्हाळाभर थोडीथोडी माती लोटून चर भरीत आणतात. एकदम बुजवीत नाहींत.

पूर्वींच्या इंग्रजी बागाईतीच्या पुस्तकांत या वाफ्यासाठीं दोन-तीन फूट खोल खणावें असें सांगितलेलें असे. अलीकडे अमेरिकेंतील कृषिशाळांनीं प्रयोग करून पाहिले, तेव्हां गड्डा पांच-सहा इंच खोल बसविला तरी पुरे होतें, अधिक खोलीनें पीक उलट घटतें, असें दिसून आलें. जुने माळी वाफ्यावर मीठही टाकीत. ही भाजी समुद्रकांठची असल्यामुळें तिला खार सोसतो व तण मरतें खरें, पण फार मीठ पडलें तर जमीन बिघडते. हें आम्ही अशासाठीं सांगतों कीं, कष्ट अधिक म्हणून पुण्य अधिक ही समजूत आमच्यांत अजून आहे. आठ आठ तास चाललेली सभा व कंठशोष करून सांगितलेला उपदेश यांचें मोल घामावरून ठरवूं नये. तण काढण्यास लागणारे श्रम चुकवितां येत नाहींत. तीन फूट खड्ड्याचे श्रम पुष्कळदां पाहणाऱ्यांसाठीं असतात.

आणि मग वाट पाहणें. पहिल्या वर्षीं एकही कोंब कापावयाचा नाहीं. दुसऱ्या वर्षींही कापूं नये असा जुना नियम होता. तिसऱ्या वर्षीं तीनचार आठवडे कापावें, आणि त्यापुढें दर सालीं सहा ते आठ आठवडे. इंग्लंडांत सुमारें २१ जून रोजीं सुरी ठेवून देण्याची चाल आहे. त्यानंतर कोंब कितीही चांगले दिसोत, ते झाडाचे. ज्या मळेवाल्यानें बाजार चढा आहे म्हणून जुलैपर्यंत कापीत राहावें, त्याच्या वाफ्यांत पुढल्या वसंतांत कोंब काडीसारखे बारीक येतात.

मंडळींच्या कामांत ही सुरी फार लवकर चालते असें आम्हांस वाटतें. एखाद्या घरचा मुलगा नुकताच विश्वासांत आलेला असतो, त्याचा आवाज गोड असतो, वाचन स्पष्ट असतें. लागलीच त्यास या रविवारीं या गांवीं, पुढल्या रविवारीं त्या गांवीं उभें करितात. जत्रेंत साक्ष देण्यास नेतात. पाहुणे आले कीं त्यांच्यापुढें बोलावयास लावितात. दोन वर्षांत त्याचें सांगणें तेंच तें होतें, तिसऱ्या वर्षीं त्यास स्वतःलाच तें खोटें वाटूं लागतें, आणि चौथ्या वर्षीं तो उपासनेस येईनासा झाला म्हणजे आम्ही म्हणतों कीं, त्याचें मूळ खोल नव्हतें. मूळ खोल जाण्यास आम्हीं पाला तरी कोठें राहूं दिला? मात्र येथें नव्या माहितीचा एक भाग सांगितला पाहिजे. दुसऱ्या वर्षीं सुमारें दोन आठवडे हलक्या हातानें कोंब कापले तर गड्ड्यावर अधिक डोळे फुटतात, असेंही आतां आढळून आलें आहे. म्हणून त्या मुलास अगदीं कोरडें बसवून ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. सणाच्या दिवशीं एक अध्याय वाचावयास द्यावा, शेजारच्या दोन पोरांस बाराखडी शिकविण्यास सांगावें, आणि वर्षाचे उरलेले दिवस त्यास त्याच्या मुळांवर सोडावें.

इतका वेळ आम्हीं त्या माळ्याच्या धीराची स्तुति केली. तर धीर हाच सद्गुण आहे काय? येथें एका रोमी गृहस्थाची गोष्ट आडवी येते. केटो हा रोम शहराचा मोठा अधिकारी ख्रिस्तापूर्वीं २३४ ते १४९ या काळांत होऊन गेला. त्यानें लिहिलेलें शेतकीचें पुस्तक आज उपलब्ध आहे. त्याच्या शेवटीं शेवटीं अ‍ॅस्परॅगसचा वाफा कसा करावा हें त्यानें सांगितलें आहे, आणि तें वाचून आजच्या माळ्यानेंही मान डोलवावी. वाफ्यावर पाय न देतां दोहों बाजूंनीं तण काढतां यावें अशी आंखणी करावी. मेंढ्यांचें खत घालावें, कारण दुसऱ्या खतानें तण माजतें. आठनऊ वर्षांनीं वाफा जुना झाला म्हणजे गड्डे काढून नव्या, चांगल्या खतावलेल्या जमिनींत न्यावे. जुन्या गड्ड्याविषयीं या मनुष्यास केवढी काळजी! आणि त्याच पुस्तकाच्या आरंभीं तो मालकास सांगतो कीं, म्हातारे बैल, जुनी गाडी, म्हातारा गुलाम आणि आजारी गुलाम हे विकून टाकावे. पुढें प्लूटार्क नांवाच्या ग्रीक लेखकानें, जो ख्रिस्ती नव्हता, त्याच्या या वागणुकीबद्दल त्यास दोष दिला.

नऊ वर्षें मुळाची वाट पाहणारा हा मनुष्य, ज्याच्या हातांनीं तो वाफा खणला त्या म्हाताऱ्यासाठीं एक हिंवाळाही थांबण्यास तयार नव्हता. लोभासही धीर असतो. सावकार किती वर्षें वाट पाहतो हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. तेव्हां केवळ वाट पाहण्यानें काम पवित्र होत नाहीं. खणणारा कोण, खाणारा कोण, आणि दोघांमध्यें काय ठरलें आहे, हें पाहिल्यावांचून आमच्या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं.

पवित्र शास्त्र या बाबतींत एकाच सुरानें बोलत नाहीं, आणि आमच्या मतें हें फार महत्त्वाचें आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत एकानें पेरावें व दुसऱ्यानें कापावें ही आनंदाची गोष्ट म्हणून प्रभूनें सांगितली. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत मात्र द्राक्षमळा लावून त्याचें फळ न मिळणें हें शापांत गणलें आहे. यशयाच्या पासष्टाव्या अध्यायांत देव नवी सृष्टि करील तेव्हां लावणारा एक व खाणारा दुसरा असें होणार नाहीं, असें अभिवचन आहे. एकच स्थिति एका ठिकाणीं हर्ष आणि दुसऱ्या ठिकाणीं शाप कां? कारण उघड आहे. पहिल्या ठिकाणीं पेरणारा देतो. दुसऱ्या ठिकाणीं त्याच्यापासून घेतलें जातें. देणें आणि लुटलें जाणें हीं बाहेरून सारखींच दिसतात. दोहोंतही घाम एकाचा व घांस दुसऱ्याचा. म्हणून ज्याच्या हातांत घांस आहे त्यानें घाम गाळणाऱ्यास दानाचें महत्त्व सांगूं नये. तें सांगण्याचा अधिकार त्यास नाहीं.

ईव्हशॅमच्या खोऱ्यांतील लोकांनीं हा गुंता कसा सोडविला हें पाहण्यासारखें आहे. तेथील मळे पुष्कळ लहान कुळांच्या हातीं होते. तिसऱ्या वर्षीं उत्पन्न देणारी व वीस वर्षें टिकणारी भाजी परक्याच्या जमिनींत कोणतें कूळ लावील? मालकानें चौथ्या वर्षीं जमीन सोडावयास लावली तर सगळा वाफा मालकाच्या घशांत. यावर तेथें एकोणिसाव्या शतकांत एक रीत पडली. जाणारें कूळ आपल्या जागीं नवें कूळ शोधून मालकापुढें आणी, आणि येणारें कूळ त्यास फळझाडांचें व अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यांचें मोल देई. मालकानें तो मनुष्य नाकारला तर तें मोल मालकानें भरावें. तिला ईव्हशॅमची रीत असें नांव पडलें. १८९५ सालीं पार्लमेंटानें भाजीपाल्याच्या मळेकऱ्यांस त्यांच्या सुधारणांबद्दल भरपाई मिळावी म्हणून कायदा केला, आणि १९४८ च्या शेतजमिनीच्या कायद्यांत भरपाईस पात्र अशा गोष्टींच्या यादींत या भाजीची लागवड नांवानिशीं घातली. आमच्या मुंबई इलाख्यांतही १९३९ व १९४८ या सालीं कुळांच्या रक्षणार्थ कायदे झाले, ते याच न्यायाच्या पोटचे होत. असा न्याय असला म्हणजे कुळास खत टाकण्यासाठीं संत व्हावें लागत नाहीं. साधा प्रामाणिक मनुष्यही तें करितो.

परंतु सगळ्याच श्रमांचें मोल असें ठरवितां येत नाहीं. लूकाच्या तेराव्या अध्यायांतील अंजिराच्या झाडाचा माळी आठवावा. झाड त्याचें नाहीं, मळा त्याचा नाहीं, फळ आलेंच तर तें धन्याचें. तीन वर्षें वाट पाहून कंटाळलेल्या धन्यापाशीं तो आणखी एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षांत खणणें व खत घालणें हें स्वतःच्या अंगावर घेतो. त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. त्या झाडाशीं त्याचे हात लागले होते, एवढेंच कारण. गॉर्डन हॉल हे १८१३ सालीं मुंबईस आले आणि १८२६ सालीं प्रवासांत पटकीनें वारले. तेरा वर्षांत त्यांनीं शाळा काढल्या, मराठी शिकून शास्त्राच्या भाषांतरांत हात घातला, आणि विश्वास धरणारे मात्र अगदीं थोडे पाहिले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, म्हणजे हॉल गेल्यावर ६९ वर्षांनीं. हॉल यांचे श्रम कोणीं लुटले असें म्हणतां येईल काय? ते त्यांनीं दिले. आज जो ख्रिस्ती मनुष्य मराठींत शास्त्र वाचतो तो अशा किती जणांच्या वाफ्यांतून खातो याचा हिशेब त्यास कधींच लागावयाचा नाहीं, आणि फेड करावयास तीं माणसेंही उरलीं नाहींत. फेड करावयाची तर पुढल्यास करावी, इतकाच मार्ग राहतो.

यावरून आमच्या प्रश्नाचें आम्हांस दिसतें तें उत्तर असें: आपण स्वतः मोकळ्या मनानें देऊं शकतों तेथें मनुष्य बांधलेला आहे, कारण तो स्वतः दुसऱ्यांच्या वाफ्यांतून खाऊन वाढला आहे. जेथें त्याचे श्रम बळानें किंवा कागदाच्या युक्तीनें दुसऱ्याकडे जातात तेथें तो बांधलेला नाहीं; तेथें बांधलेला घेणारा आहे. याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत अडवून ठेवलेल्या मजुरीविषयीं लिहिलें आहे, तें त्या घेणाऱ्यानें वाचावें.

आतां घरची गोष्ट. कित्येक मंडळ्यांची थोडीबहुत शेतजमीन असते. ती दर वर्षीं लिलांवानें एका सालापुरती लावण्याची चाल जेथें असेल, तेथें ती जमीन पाहून यावी. बांध फुटलेले, हरळी माजलेली, खताचा पत्ता नाहीं. बहुधा असेंच दिसेल, आणि दोष कुळास देण्यांत येईल. पंचांनीं पुढल्या सभेंत ती जमीन पांच किंवा सात वर्षांच्या करारानें द्यावी कीं काय याचा विचार करावा. अशा करारापासून कुळास जे हक्क कायद्यानें उत्पन्न होतील ते आधीं जाणत्या वकिलास विचारून घ्यावे. कुळानें कोणत्या सालीं किती गाड्या खत टाकलें, किती हात बांध घातला, किती झाडें लावलीं, हें मंडळीच्या वहींत दोन साक्षीदारांच्या सहीनें लिहून ठेवावें, आणि तो जाईल त्या दिवशीं त्याचें मोल येणाऱ्याकडून किंवा मंडळीच्या पेटींतून त्याच्या हातीं द्यावें.